आत्म्याचं ऐकू की शास्त्राचं?

मला आलेलं एक पत्र थोडक्यात असं आहे. (ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत.)

नंदुरबार जिल्ह्यातल्या एक ताई लिहितात. वय तिशीच्या आसपास, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. घराणं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, गावच्या जुन्या मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं. गेल्या काही वर्षांपासून त्या दर शुक्रवारी एका प्रार्थना ग्रुपलाही जातात, तिथे बाहेरगावाहून एक ब्रदर येतात. प्रार्थनेत ताईंना कधी देवाकडून आल्यासारखे शब्द येतात, कधी डोळ्यासमोर चित्र येतं. एकदा शेजारणीला त्या म्हणाल्या, तुझ्या पोटात बाळ आहे, आणि खरंच होतं. तेव्हापासून बायका "ताई, माझ्यासाठी बघून सांगा ना" म्हणत येतात. यंदा मावसबहिणीच्या मुलीसाठी प्रार्थना करताना त्यांना हळदीच्या अंगाने हसणारी मुलगी दिसली, मनाला शांती वाटली, आणि त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "प्रभू म्हणतो, हेच स्थळ." मागणी झाली, बचत गटातून कर्ज काढून जेवणावळ झाली, आणि मग कळलं की मुलगा दारू पितो आणि त्याची नोकरीही कधीच सुटलेली आहे. मागणी मोडली. ब्रदर म्हणतात, शब्द खरा होता, मुलीच्या आईचा विश्वास कमी पडला. शिवाय ते म्हणतात की शब्दावर शंका घेणं म्हणजे पवित्र आत्म्याला दुःख देणं, तुम्ही माझ्या कव्हरिंगखाली (आध्यात्मिक छत्राखाली) आहात, बाहेर गेलात तर शाप लागेल. जुन्या मंडळीतले एक वडील, म्हणजे मंडळीचे ज्येष्ठ, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते म्हणतात की कृपादानं (संदेश देण्यासारखी आत्म्याची दानं) प्रेषितांबरोबर संपली, हे सगळं बंद कर, बाईने मंडळीत गप्प राहावं असं शास्त्रच सांगतं, शास्त्राच्या अधीन हो. आणि ह्यात भर म्हणजे ग्रुपमधल्या एका सिस्टरच्या (विश्वासी बहिणीच्या) सांगण्यावरून सासूबाईंनी शुगरच्या गोळ्या सोडल्यात. विचारलं की म्हणतात, "देव शे ना माय, गोया कसाले?" (देव आहे ना बाई, गोळ्या कशाला?)

ताई विचारतात: मी खोटी संदेष्टी आहे का? आणि मी आत्म्याचं ऐकू की शास्त्राचं?

ताई, आधी सासूबाईंच्या गोळ्या. बाकी सगळं चार दिवस थांबू शकतं, हे नाही. ह्याच आठवड्यात त्यांना डॉक्टरकडे न्या, जुनी फाइल आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत घ्या, आणि गोळ्या कधीपासून बंद आहेत ते खरं सांगा, लाजू नका, कारण मधे खंड पडलाय हे कळलं तरच डॉक्टर आधी तपासून मग डोस ठरवतील. आपल्या मनाने जुना डोस परत सुरू करू नका. आणि खूप तहान, सारखी लघवी, उलट्या, गुंगी असं काही दिसलं तर आठवडा काय, संध्याकाळसुद्धा होऊ देऊ नका, लगेच न्या. शुगर वाढली की बऱ्याचदा काही दुखत नाही, म्हणून माणूस म्हणतं मला बरं वाटतंय, आणि तोपर्यंत आत डोळ्याच्या पडद्याला, किडनीला, पायाच्या नसांना धक्का बसत असतो.

त्यांच्या श्रद्धेला नावं ठेवू नका, त्यांच्यासोबत बसून शास्त्रच उघडा. याकोबाच्या पत्रात (५:१४) आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे, औषध सोडा असं त्यात कुठेही नाही. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल रोग्यांवर ठेवले तरी ते बरे व्हायचे, असं प्रेषितांची कृत्ये १९:१२ मधे आहे, त्याच पौलाने आपला सोबती तीमथ्य ह्याला पोटासाठी आणि वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, दुसरा सोबती त्रफिम ह्याला मिलेत गावी आजारी ठेवून त्याला पुढे जावं लागलं, आणि त्याच्यासोबत फिरणारा लूक स्वतः वैद्य होता. पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? आणि प्रभूने स्वतः कुष्ठरोग्याला बरं केल्यावर काय सांगितलं ते मार्क १:४४ मधे बघा: जा, याजकाला दाखव. बरं झाल्याची तपासणी करायचा अधिकार त्या काळी याजकाकडे होता आणि प्रभूने ती तपासणी टाळली नाही. सासूबाई खरंच बऱ्या झाल्या असतील तर तीन महिन्यांच्या शुगरच्या रिपोर्टमधे ते दिसेल, मग डॉक्टर स्वतःच गोळ्या कमी करतील, आणि ती साक्ष कुणालाही मोडता येणार नाही. आपल्याकडे खानदेशात तर सुवार्ता आणि दवाखाना एकत्रच आलेत, नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचं ख्रिस्ती हॉस्पिटल तुमच्या घरातल्या जुन्या माणसांना नक्की माहीत असेल. त्या सिस्टरलाही प्रेमाने पण स्पष्ट सांगा की आमच्या घरातल्या औषधांबद्दल ह्यापुढे बोलायचं नाही.

आता तुमचा प्रश्न. खोटी संदेष्टी.

हा शब्द तुम्ही स्वतःला लावलाय आणि पत्रात तो पुन्हा पुन्हा आलाय, म्हणजे रात्री झोप लागत नसणार. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातलं १८:२२ तुम्ही वाचलंय, संदेष्टा परमेश्वराच्या नावाने बोलला आणि ते घडलं नाही तर ते परमेश्वराचं बोलणं नव्हे. ते वचन कडकच आहे आणि मी ते पातळ करून सांगणार नाही. तुम्ही "प्रभू म्हणतो" म्हणालात आणि प्रभू ते म्हणाला नव्हता, एवढं तरी मान्य करावंच लागेल. पण अनुवादच्याच १३व्या अध्यायात खोट्या संदेष्ट्याची दुसरी खूण दिलीय, ती लोक विसरतात: त्याचं चिन्ह खरं ठरलं तरीसुद्धा तो जर लोकांना देवापासून दूर नेत असेल तर त्याचं ऐकू नका. म्हणजे खरं ठरणं हासुद्धा पुरावा नाही. शेजारणीच्या बाळाचं खरं निघालं तेव्हा तुम्ही देवाच्या झालात आणि मावसबहिणीच्या मुलीचं चुकलं तेव्हा सैतानाच्या झालात, असा हिशोब शास्त्रात नाही. खोटा संदेष्टा यिर्मया २३ मधे कसा दिसतो? तो आपल्या मनातलं दर्शन सांगतो, दुसऱ्याची वचनं चोरतो, लोकांना हवं तेच बोलतो, आणि देवाने पाठवलेलं नसताना धावत सुटतो. तुम्ही स्वतःहून विचारताय की माझं चुकलं का, हे त्या वर्णनात बसत नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते असं की त्या दिवशी तुम्हाला नक्की काय मिळालं आणि त्यात तुमचं काय मिसळलं हे वेगळं करा. तुम्हीच लिहिलंय, हसणारी मुलगी दिसली, हळद दिसली, शांती वाटली. एवढंच. हे स्थळ, हा मुलगा, होकार द्या, हे त्यात कुठे होतं? ते तुम्ही जोडलं, कारण समोर बसलेली तुमची मावसबहीण त्याच प्रश्नाने कासावीस होती आणि तुम्हाला तिला काहीतरी द्यायचं होतं. प्रेमातूनच झालं, पण झालं. प्रेषितांची कृत्ये २१ मधे अगब संदेष्टा पौलाचा कमरपट्टा घेतो, स्वतःचे हातपाय बांधतो आणि म्हणतो की ह्या माणसाला यरुशलेमेत असं बांधतील. हे झालं मिळालेलं. मग आजूबाजूचे सगळे, अगदी लूकसुद्धा, रडून पौलाला म्हणतात की मग जाऊ नको. हे झालं जोडलेलं. पौल जातो. अगबाने संकट येणार एवढंच सांगितलं होतं, जाऊ नको हे लोकांनी काढलं, आणि पौलाने अगबाचा मान राखूनसुद्धा आपला निर्णय आपणच घेतला. शब्द मिळाला, त्याचा अर्थ काय, आणि मग करायचं काय, ह्या तीन गोष्टींची गल्लत झाली की घरं उद्ध्वस्त होतात.

तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठं नुकसान माझ्या मते मागणी मोडल्याने झालं नाही. मागणी मोडली हे उलट मुलीचं नशीब, लग्नानंतर कळलं असतं तर काय केलं असतं. नुकसान हे झालं की शब्द आला म्हणून कुणी विचारपूसच केली नाही. एरवी आपल्याकडे स्थळ आलं की मामा जाऊन येतो, मुलगा कुठे कामाला आहे, सुपरवायझरला कुणी ओळखतं का, संध्याकाळी कुणाबरोबर बसतो, पाळकसाहेब काय म्हणतात, हे सगळं चार ठिकाणांहून काढलं जातं. त्या दिवशी तुमचं एक वाक्य ह्या सगळ्याच्या जागी जाऊन बसलं. देवाने दिलेली अक्कल, नातेवाईक, मंडळी ह्यांचा आवाज बंद करणारा शब्द देवाकडून आला असेल असं मला वाटत नाही, कारण नीतिसूत्रे अख्खं पुस्तक सल्लामसलत करा म्हणून सांगतं.

आणि बायका तुमच्याकडे "बघून सांगा" म्हणत येतात ना, त्याबद्दल जरा थांबून विचार करा. आपल्या भागात माणूस अडला की बघणाऱ्याकडे जातो, ही पिढ्यांची सवय आहे, सून नांदत नाही, बोअरला पाणी कुठे लागेल, गाय हरवली, भगताला विचारा. भगताकडे जाणाऱ्यांना मी वाईट म्हणत नाही, अडचणच तशी असते आणि दुसरं कोण ऐकून घेतं? पण ख्रिस्ती झाल्यावर प्रश्न तेच राहतात आणि विचारायची रीतही तीच राहते, फक्त भगताच्या जागी ताई बसते. करिंथच्या मंडळीचंही असंच होतं. पौल त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात १२व्या अध्यायाची (१ करिंथ १२) सुरुवातच तिथून करतो, तुम्ही पूर्वी मूर्तींकडे ओढले जात होता ते आठवतं ना, म्हणून कृपादानांबद्दल तुम्ही अजाण राहू नये असं मला वाटतं. आणि १४:३ मधे तो सांगतो की संदेश देणारा माणसांशी कशासाठी बोलतो: उन्नती, उत्तेजन आणि सांत्वन. ह्यात स्थळ पास की नापास हे कुठे बसतं? तुमच्या पत्रात एक ओळ अशीच जाता जाता आलीय, की बायका येऊन तुमच्याजवळ रडतात आणि हलक्या होऊन जातात. मला तर तुमचं दान तिथे जास्त दिसतंय. रोमकरांस १२ मधली यादी काढा, त्यात सेवा आहे, शिकवणं आहे, बोध करणं आहे, दया करणं आहे. शिकवायचं काम तर तुम्ही रोज सकाळी पोरांसमोर करताच. ग्रुपमधे ह्यातल्या एकाही दानासाठी टाळ्या पडत नाहीत म्हणून ती कमी प्रतीची होत नाहीत.

आता आत्मा की शास्त्र. ताई, हा प्रश्न तुमचा नाहीच, तो तुमच्यावर लादलाय. एका बाजूला ब्रदर म्हणतायत आत्म्याचं ऐक, म्हणजे माझं ऐक. दुसऱ्या बाजूला नाना म्हणतायत शास्त्राचं ऐक, म्हणजे माझं ऐक. दोघांना तुम्ही अधीन हव्यात, पण ज्या शास्त्राला आपण मानतो ते ह्या दोघांनाही अधीन व्हायला सांगतं. १ थेस्सलनीका ५:१९ पासून वाचा, सलग वाचा: आत्म्याला विझवू नका, संदेशांचा धिक्कार करू नका, सर्व गोष्टींची पारख करा, चांगलं ते बळकट धरा. चारही वाक्यं एकाच दमात आलीत. नाना पहिल्या दोन वाक्यांवरून उडी मारतात, ब्रदर तिसऱ्यावरून.

ब्रदरांचं आधी बोलते. शंका घेणं म्हणजे आत्म्याला दुःख देणं, हे ते कुठल्या वचनावरून म्हणतात ते त्यांना विचारा. इफिसकरांस ४:३० मधे आत्म्याला खिन्न करू नका असं आहे खरं, पण आजूबाजूची वचनं वाचा, तिथे खोटं बोलणं, चोरी, कुजकं भाषण, कडूपणा, राग ह्यांची चर्चा आहे, पारख करण्याची नाही. पारखीबद्दल १ करिंथ १४:२९ अगदी उघड सांगतं की संदेष्ट्यांपैकी दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी निर्णय करावा. करिंथमधे संदेश देणाऱ्याला इतरांनी तपासायचं होतं आणि तुमच्या ग्रुपमधे तपासणाऱ्याला शाप, हे कसं जमतं? बिरुयाच्या लोकांनी पौलाचं बोलणं रोज शास्त्रात पडताळून पाहिलं (कृत्ये १७:११) आणि त्याबद्दल त्यांना चांगलंच म्हटलंय. कापूस विकायला नेला की व्यापारी मूठभर कापूस ओढून धागा बघतो, ओल बघतो, आणि ज्याचा माल चांगला आहे तो शेतकरी उलट म्हणतो की अजून एक मूठ काढून बघा.

आणि मुलीच्या आईचा विश्वास कमी पडला हे जे ते म्हणाले, ते वाचून मला फार वाईट वाटलं. जिच्या डोक्यावर बचत गटाचं कर्ज आहे, जिची मुलगी चार लोकांत हसू झाली, तिच्यावरच दोष. शब्द खरा ठरला की श्रेय सांगणाऱ्याला, खोटा ठरला की दोष ऐकणाऱ्याला, असं असेल तर तो शब्द कधी चुकूच शकत नाही, आणि जे कधी चुकू शकत नाही ते पारखता येत नाही. शिवाय तुम्ही लिहिलंय की शब्द मिळाला की "बी पेरा" म्हणून पाकीट द्यावं लागतं. कुष्ठरोगी सेनापती नामान बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याने काही घेतलं नाही, त्याचा चाकर गेहजी ह्याने मागे पळत जाऊन घेतलं, त्याचं काय झालं ते २ राजे ५ मधे आहे. मीखा ३:११ मधेही पैसे घेऊन शकुन सांगणाऱ्या संदेष्ट्यांची तक्रार आहे. पाळकाला पगार असावा, प्रवासखर्च द्यावा, ह्याला माझी हरकत नाही, शास्त्राचीही नाही. पण शब्दाला दर लागला की संपलं.

कव्हरिंगबद्दल एक अध्याय वाचा जो सहसा कुणी वाचून दाखवत नाही, १ राजे १३. यहूदातून देवाचा एक माणूस बेथेलला यराबाम राजाकडे संदेश घेऊन जातो. त्याला देवाने स्पष्ट सांगितलंय, तिथे खायचं नाही, प्यायचं नाही, आलास त्या वाटेने परतायचं नाही. राजाने बोलावलं तरी तो जेवत नाही. मग वाटेत एक म्हातारा संदेष्टा त्याला गाठतो आणि म्हणतो, मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, देवदूताने मला सांगितलंय की तुला घरी नेऊन जेवू घालावं. शास्त्र तिथेच सांगतं की तो खोटं बोलत होता. हा बिचारा ज्येष्ठ माणसाचं ऐकून जेवायला जातो आणि परतीच्या वाटेवर सिंह त्याला मारतो. राजाला नाही म्हणू शकला, पण वयाने आणि पदाने मोठ्या संदेष्ट्याला नाही म्हणू शकला नाही. ही गोष्ट मला नेहमी भीतीदायक वाटते, कारण अधीनता चांगली असूनही चुकीच्या ठिकाणी ठेवली की जीव घेते. देवाने आधीच स्पष्ट सांगितलेलं असताना कुणाचंही नवं दर्शन त्याच्यावर चढत नाही, मग तो संदेष्टा असो, गलतीकरांस १:८ प्रमाणे स्वर्गातला दूत असो.

आता नाना. नानांना शत्रू समजू नका. अशा माणसांनी आयुष्यात दोन-चार तरी फसवणारे पाहिलेले असतात, कुणाची जमीन गेलेली, कुणाची बायको औषधाविना गेलेली, आणि मग ते म्हणतात की दारच बंद करा. त्यांची भीती खरी आहे. पण कृपादानं संपली हे ते ज्यावर ठरवतात ते १ करिंथ १३:८-१० आहे, तिथे पूर्ण ते येईल तेव्हा अपूर्ण ते रद्द होईल असं म्हटलंय. पूर्ण म्हणजे नवा करार लिहून पूर्ण होणं असं काही मंडळ्या धरतात, तर पुढच्याच १२व्या वचनात तोंडोतोंड पाहण्याची गोष्ट असल्यामुळे पूर्ण म्हणजे प्रभूचं येणं असं दुसऱ्या धरतात. मला दुसरा अर्थ जास्त पटतो. पण पहिला धरणारेही शास्त्राला मानणारी माणसं आहेत आणि ह्यावरून भांडून वेगळी चूल मांडू नये. मात्र "मला असं वाटतं" आणि "शास्त्र असं सांगतं" ह्यात जो फरक तुम्ही शिकताय तो नानांनाही लागू आहे.

बाईने गप्प राहण्याचंही तसंच. १ करिंथ १४:३४ आहे, नाकारू नका. पण त्याच पत्रात ११:५ ला पौल प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या बाईने कसं असावं ते सांगतो. जी बोलूच शकत नाही तिने बोलताना कसं असावं हे कोण सांगेल? म्हणजे १४:३४ चा अर्थ काहीही लावा, पण बाईच्या तोंडातून कधी शब्दच निघू नये हा अर्थ त्या पत्रातच बसत नाही. नव्या करारातच फिलिप्पाच्या चार मुली संदेश द्यायच्या, प्रिस्किल्लेने नवऱ्यासोबत अपुल्लोसासारख्या विद्वानाला घरी नेऊन नीट समजावून सांगितलं. नानांना हे आदराने दाखवा, त्यांच्याच घरी बसून, चारचौघांत नाही.

आणि ज्यांना वाटतं की आत्म्याची बाई आणि शास्त्राची बाई वेगळी असते, त्यांच्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशनमधे १९०५ साली मोठं संजीवन (आध्यात्मिक जागृती) झालं, मुली तासन्‌तास प्रार्थना करत होत्या, रडत होत्या, पापं कबूल करत होत्या, पुढे काहीजणी अन्य भाषा, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषा, बोलल्या. पंडिता रमाबाईंनी ते दडपलं नाही. आणि त्याच काळात त्याच रमाबाई हिब्रू आणि ग्रीकमधून अख्ख्या बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत बसल्या होत्या, शेतात राबणाऱ्या बाईला कळावं म्हणून, आणि ते काम त्यांनी मरेपर्यंत केलं. १९२२ मधे त्या गेल्या, १९२४ मधे ते बायबल मुक्तीतूनच छापून बाहेर आलं. बाहेर मुली आत्म्याने भरून गात होत्या आणि आत बाई शब्दकोश उघडून एकेक शब्द तोलत होती. दोन्ही एकाच छपराखाली. त्यांना त्यात विरोध दिसला नाही.

आता करायचं काय. पहिलं, मावसबहिणीकडे जा. ब्रदरांना सोबत नेऊ नका. तिला म्हणा, मी प्रभूचं नाव घेऊन जे बोलले ते प्रभूने सांगितलं नव्हतं, माझं चुकलं. पुढे "पण माझा हेतू चांगला होता" लावू नका, तिला ते माहीत आहे. मुलीशीही वेगळं बोला, तिच्या मनात आता देवाबद्दलच राग असू शकतो आणि तो राग देवावर नाही, तुमच्या वाक्यावर असायला हवा हे तिला तुमच्याच तोंडून कळू द्या. जमलं तर बचत गटाचे दोन-चार हप्ते तुम्ही भरा, जकातदार जक्कयाने नुसती माफी मागितली नव्हती, लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं. आणि ज्या ग्रुपसमोर तुम्ही शब्द सांगितला, चूकही त्याच ग्रुपसमोर सांगा.

मग काही काळ, निदान येत्या ईस्टरपर्यंत, कुणाबद्दलही शब्द सांगू नका. प्रार्थना सोडू नका, फक्त सांगणं थांबवा. काही आलं तर एका वहीत तारीख टाकून लिहा, जे दिसलं तेवढंच, अर्थ वेगळ्या ओळीत. पौल म्हणतो संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या अधीन असतात (१ करिंथ १४:३२), म्हणजे आलं म्हणून लगेच बोललंच पाहिजे, थांबवताच येत नाही, असं नसतं. त्या काळात १ करिंथ १२ ते १४ दर आठवड्याला एका बैठकीत मोठ्याने वाचा, आणि मधला १३ वगळू नका, तो लग्नात वाचायला दिलेला नाही, तो ह्याच भांडणात लिहिलेला आहे.

पुढे परत बोलायची वेळ आली तर "प्रभू म्हणतो" हे दोन शब्द जिभेवरून काढून टाका. "प्रार्थना करताना मला असं वाटलं, तुम्ही पारखा, वचनात बघा" एवढंच म्हणा. सांगण्याआधी दोन-तीन प्रौढ माणसांना सांगा, त्यातला एक तरी असा हवा जो तुम्हाला नाही म्हणायला घाबरत नाही, नानाच का नको? लग्न, औषध, जमीन, पैसा, कोर्टकचेरी ह्यांवर शब्द द्यायचा नाही हे आत्ताच ठरवा. कुणी "बघून सांगा" म्हणत आली तर म्हणा, बघत नाही बाई, बस, काय झालं ते सांग, आपण दोघी प्रार्थना करू. पाकीट घेऊ नका, भाजीसुद्धा नको.

हे वाचणाऱ्यांत बरेचजण शब्द देणारे नसतील, घेणारे असतील, त्यांना एवढंच. कुणी म्हणालं की प्रभूने तुमच्याबद्दल मला सांगितलंय, तर तिथल्या तिथे हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. "बरं, मी प्रार्थना करते आणि घरच्यांशी बोलते" म्हणून उठा. खरा शब्द चार दिवसांनी शिळा होत नाही. त्यासाठी पैसे मागितले, गुप्त ठेवायला सांगितलं, नवऱ्याला किंवा पाळकाला सांगू नका म्हणाले, तर तिथेच उत्तर मिळालं.

ब्रदरांकडे एकदा जा, नवऱ्याला किंवा नानांना सोबत घेऊन, आणि साधं विचारा: १ करिंथ १४:२९ प्रमाणे आपल्या ग्रुपमधे शब्दाची पारख कोण करणार? तुमचा शब्द चुकला तर तुम्हाला कोण सांगणार? उत्तर देताना ते मोकळे झाले, म्हणाले खरंय, आपण व्यवस्था लावू, चुकतं माझंही, तर राहा आणि मदत करा, असे लोकही असतात. शाप म्हणाले तर निघा. नीतिसूत्रे २६:२ सांगतं की विनाकारण दिलेला शाप लागत नाही, चिमणीसारखा उडून जातो. फक्त गुपचूप नाहीशा होऊ नका. ग्रुपमधल्या ज्या दोघी तुमच्यासारख्याच अस्वस्थ आहेत असं तुम्ही लिहिलंय, त्यांना निघण्याआधी भेटून कारण सांगा, नाहीतर तुमच्या मागे तुमच्याबद्दल जे सांगितलं जाईल तेच त्यांना खरं वाटेल.